गवत किती टक्के?

2021 च्या मार्चमध्ये सगळं शहर लशीची वाट बघत होतं आणि आम्ही चौघं नव्या जनावरांची. ‘प्लॅनेट झू’ हा प्राणिसंग्रहालय बांधायचा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्यांना ही तगमग कळेल. डिसेंबरात पाणप्राण्यांचा पॅक येऊन गेला होता. त्यातले सील, राजपेंग्विन बघून झाले, त्यांची तळी बांधून झाली, पिल्लंही मोठी झाली. पुढचा पॅक कधी, त्यात काय, याबद्दल कंपनी चकार शब्द काढत नव्हती. मग उरतं काय? गप्पा.

मी, माझा धाकटा भाऊ, त्याच्या ऑफिसातला वरोऱ्याचा मित्र आणि आमच्या इमारतीतली भूशास्त्र शिकणारी एक मुलगी. आम्ही राहतो वांद्रे पूर्वेला, सरकारी वसाहतीच्या बाजूला. शनिवारी संध्याकाळी रिक्षा करून बँडस्टँडला जायचं, मास्क हनुवटीवर ओढून भेळ खायची आणि इंग्लंडातल्या केंब्रिजमध्ये बसलेल्या, गेम बनवणाऱ्या माणसांच्या मनात काय असेल याचा काथ्याकूट करायचा. चौघांत पन्नाशीच्या जवळ पोचलेली मी एकटीच. बाकीचे मला ताई म्हणतात आणि मग बिनदिक्कत वाद घालतात.

भावाला डायनासोर हवे होते. “ताई, एकदा फक्त टी-रेक्स येऊ दे. मी दुसरं काही मागणार नाही.”

हे मागणं नवं नाही. 2001 साली आलेल्या जुन्या ‘झू टायकून’ला पुढच्याच वर्षी डायनासोरांची जोड मिळाली होती आणि घरातल्या त्या ढब्बू मॉनिटरवर मी ती मनसोक्त खेळले आहे. अंड्यातून पिल्लू निघायचं, त्याची देखभाल नेहमीच्या रखवालदाराऐवजी शास्त्रज्ञ करायचा आणि मोठा झालेला टी-रेक्स कुंपण तोडून प्रेक्षकांवर धावून गेला की त्याला बेशुद्ध करून आणणारं खास पथक बोलवायचं. आई मागून म्हणायची, “अगं, माणसं खातोय तो, बंद कर!” मजा होती. पण त्या मजेत प्राणिसंग्रहालय कुठे होतं? नव्या गेमची सगळी गंमत काटेकोरपणात आहे. कुठल्या जनावराला किती थंडी चालते, किती मादी-नर एकत्र ठेवायचे, जमिनीवर माती किती, खडक किती, आखूड गवत किती, लांब गवत किती. प्रमाण चुकलं की पट्टी लाल होते. डायनासोरची ही पट्टी कोण आणि कशाच्या जोरावर ठरवणार? शिवाय हीच कंपनी 2018 पासून डायनासोरांचा वेगळा गेम विकते आहे. एका दुकानात दोन पाट्या लावणारा दुकानदार एका पाटीखालचा माल दुसऱ्या पाटीखाली फुकट का ठेवेल?

“बरं, लांब मानेचा घेऊ,” भाऊ म्हणाला. “शाकाहारी. सांगा, गवत किती टक्के?”

“शून्य,” मी म्हटलं. लहानपणापासून वाचलेलं हेच की डायनासोरांच्या काळात गवत नव्हतं. नेचे, सूचिपर्णी झाडं, सायकड. चित्रकारसुद्धा चित्रातून गवत कटाक्षाने गाळतात.

तेव्हा वरोऱ्याच्या पोराने मोबाइल पुढे केला. फोटोत एक मळकट तपकिरी दगड, एका टोकाला निमुळता, बाजूला मापाला ठेवलेलं पेन. “ताई, हे आमच्या तालुक्यातलं पिसदुरा. डायनासोरचं शेण आहे हे. शेतात मिळते ना.”

भूगर्भवाली मुलगी उडालीच. तिला अभ्यासातून माहीत होतं, पण त्या गावचा माणूस पहिल्यांदा भेटत होता. मग तिने सांगितलं. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या अशाच दगड झालेल्या शेणात सिलिकाचे सूक्ष्म कण शोधले. वनस्पती आपल्या पेशींत असे कण घडवतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पती ओळखता येते. 2005 साली त्यांनी जाहीर केलं की त्यात गवत आहे. एक नव्हे, अनेक प्रकारचं. 2011 मध्ये पुढचा शोध आला, त्यात भाताच्या कुळाशी नातं सांगणारं गवतही होतं. शेण टाकणारे बहुधा टायटानोसॉर, म्हणजे भावाला हवे तेच लांब मानेचे. जवळच्या डोंगरगावला तर अशा एका प्राण्याची हाडंच मिळाली. 1997 मध्ये त्याचं वर्णन झालं आणि 2003 पासून तो इसिसॉरस म्हणून ओळखला जातो, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून.

“म्हणजे आमच्या इकडे ते वरणाशिवाय भात खात होते,” वरोरा म्हणाला. भावाने मला नजरेनेच चिडवलं.

“आणि इथे?” मी विषय बदलला. आम्ही बसलो होतो तो काळा खडक दख्खनच्या लाव्हाचाच. ती म्हणाली, मुंबईतले थर उशिराचे. इथे डायनासोरची आशा धरू नका. तिने सागरी सेतूच्या पलीकडे बोट दाखवलं. वरळीच्या टेकडीत, लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात, चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले. त्यांना 1847 साली शास्त्रीय नाव दिलं रिचर्ड ओवेनने. डायनासोर हे नाव 1842 मध्ये देणारा तोच. मला हे फार आवडलं. भावाला अजिबात नाही. “तो डायनासोरवाला माणूस, आणि आपल्या वाट्याला बेडूक?”

मी मात्र बेडकाच्या बाजूने. गेममध्ये काचेच्या छोट्या पेट्यांत ठेवायचे बेडूक आहेतच. त्यात वरळीचा एक बसवायला काय हरकत होती?

28 मार्चपासून रात्रीची संचारबंदी लागली आणि बँडस्टँड बंद झालं. 30 तारखेला पॅक आला, तेव्हा आम्ही चौघं व्हिडिओ कॉलवर होतो. आग्नेय आशियाचा पॅक. मलायी टपीर, बिंटुरोंग, सोंड्या नाकाचं माकड आणि त्यात चक्क कोळसुंदा! आपला रानकुत्रा, ताडोब्यात टोळीने सांबराच्या मागे लागणारा. वरोऱ्याचं पोरगं पडद्यावर नाचायचंच बाकी होतं. चंद्रपूर जिल्ह्यातून गेममध्ये कुणीतरी पोचलं होतं.

त्याने त्याच रात्री आवार बांधलं, दारावर पाटी लावली ‘पिसदुरा’ आणि आत लांब गवत पेरलं ते इतकं, की पट्टी लालभडक झाली. कोळसुंद्यांना एवढं गवत नको होतं.

“कमी कर ना रे,” मी म्हटलं.

“नाही करत ताई. हे कुत्र्यांसाठी नाहीये.”