अर्धी चपाती

एकदा हिवाळ्यात मी सातवीच्या मुलांना घेऊन बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात गेलो. मुंबईच्या गजबजाटाला लागूनच १०० चौरस किलोमीटरहून मोठे हे जंगल आहे. येथे बिबटे व चितळ राहतात. डोंगरउतारांवर कारवीची झुडपे आहेत. ती सात-आठ वर्षांतून एकदाच फुलतात. येथील विहार व तुळशी या तलावांचे पाणी मुंबईला मिळते.

कान्हेरी लेण्यांच्या वाटेवर माकडे बसली होती. एक पिल्लू माझ्याकडे टक लावून पाहत होते. मला दया आली. मी डब्यातली अर्धी चपाती त्याच्यापुढे टाकली. लगेच सात-आठ माकडे धावून आली. एका माकडाने एका मुलीच्या हातातील खाऊची पिशवी हिसकावून फाडली. ती रडू लागली.

तेवढ्यात वनरक्षक आले. त्यांनी माकडांना हुसकावले व शांतपणे म्हणाले, "गुरुजी, यांचे अन्न जंगलातच आहे. आपण खायला घातले, की ती माणसांच्या मागे लागतात. आणि हे प्लास्टिक चितळाच्या पोटात गेले, तर ते मरूही शकते."

माझी मान खाली गेली. "मुलांनो, चूक माझी आहे," मी म्हणालो आणि झुडपातले तुकडे वेचू लागलो. मुलेही वेचू लागली. शेवटचा तुकडा त्याच मुलीने आणून दिला.

आता दर वर्षी सहलीला निघण्यापूर्वी मी मुलांना ही हकिगत सांगतो. अर्ध्या चपातीची गोष्टही लपवीत नाही.