रिसोड: चहा कटिंग, मत सीक्रेट

वाशिमहून एसटीनं रिसोडला उतरलात की आधी पिंगलाक्षी देवीचं दर्शन घ्या, मग एखाद्या टपरीवर बसा. खरं रिसोड तिथंच भेटतं. झनक की देशमुख, हा इथला जुना सामना. २०१९ च्या विधानसभेला अमित झनक अनंतराव देशमुखांपुढे जेमतेम दोन हजार मतांनी राहिले. २०२४ ला भावना गवळीही रिंगणात उतरल्या, तरी झनकच. फरक सहा हजारांचा!

"काका, तुमचं मत कोणाला?" मी टपरीवाल्यांना विचारलं.

"पोरी, तिन्ही गटांचं गिऱ्हाईक हाये. निकालानंतरही इथंच धंदा करा लागते. मशीनले सांगतो, तुले कायले सांगू?"

गुप्त मतदानाचा कायदा मी कॉलेजात पाठ केला होता. तो कोणासाठी आहे, ते इथं कळलं.