मुंबईच्या सागवानाची सुहेली

1968 च्या जुलैत केप व्हर्डे बेटांच्या दक्षिणेला, भर समुद्रात, एक माणूस आपल्या होडीच्या पोटाखाली बुड्या मारून चुका ठोकत होता. होडी 32 फुटांची, नाव ‘सुहेली’. तळाच्या कण्यालगतच्या फळीची फट उघडली होती आणि दोन्ही बाजूंनी पाणी आत येत होते. मदतीला कोणीच नव्हते. श्वास कोंडून तो खाली जाई, फटीत कापूस ठोकी, दम संपला की वर येई. ठोकलेला कापूस निघून येऊ लागला. मग त्याने डेकवर बसून कॅनव्हासच्या लांब पट्टीवर कापसाची वात शिवली, तिला डांबर फासले, तांब्याच्या चुका पट्टीत आधीच टोचून ठेवल्या आणि पट्टी खाली नेऊन बसवली. तिच्यावर आणखी एक तांब्याची पट्टी ठोकली. ती रेडिओ बसवणाऱ्यांनी होडीवर ठेवली होती. मधेच एक शार्क घुटमळू लागला. तो जाईना, तेव्हा बंदूक काढावी लागली. दोन्ही बाजू बुजल्या आणि होडी पुढे निघाली.

हा माणूस म्हणजे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. 14 जून 1968 ला त्याने इंग्लंडचे फालमथ बंदर सोडले आणि 22 एप्रिल 1969 ला, 312 दिवसांनी, तो तिथेच परतला. एकट्याने, कुठेही न थांबता जगाची प्रदक्षिणा घालणारा तो पहिला. ही गोल्डन ग्लोब शर्यत होती आणि तीत नऊ जण उतरले होते. पुरी केली ती त्याने एकट्याने.

ती होडी मुंबईची. नॉक्स-जॉन्स्टन ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता, मुंबई ते आखात अशा फेऱ्या करायचा. कुलाब्याच्या वर्कशॉपमध्ये त्याने 1963 मध्ये होडी बांधायला घातली. मागवलेले नकाशे हाती आले ते जरा जुन्या वळणाच्या होडीचे. विल्यम अ‍ॅटकिन याने 1920 च्या दशकात काढलेले, नॉर्वेच्या बचावनौकांवर बेतलेले. दोन्ही टोके निमुळती, अंग जाड, चाल संथ. पण तीच बांधायची ठरली. मुंबईच्या सुतारांनी वाकसाने सागवान तासले, दोरीच्या कमानीवर फिरणाऱ्या सामत्याने भोके पाडली आणि 1964 च्या अखेरीस होडी पाण्यात उतरली. वेगाच्या शर्यतीला ती तेव्हाही जुनाटच वाटली असती. ती टिकली याचे पुष्कळसे श्रेय मात्र त्या जाड फळ्यांना आणि त्या तासणाऱ्या हातांना आहे. मुंबईला ही विद्या नवी नव्हती. वाडियांनी मुंबई गोदीत मलबारी सागाची बांधलेली ‘त्रिंकोमाली’ 1817 मध्ये पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडच्या हार्टलपूलला जपून ठेवलेली आहे.

वर्धा जिल्ह्यातल्या गिरडहून अरबी समुद्र सहाशे किलोमीटरहून अधिक दूर. शेख फरीद बाबांच्या टेकडीवर चढलात तरी दिसते ते काळ्या मातीतले कापसाचे शिवार. तरीही सुहेलीची गोष्ट इथल्या माणसाला परकी वाटू नये. तिच्या फटीत ठोकला तो कापूसच, आणि तिच्यावर पुढे झालेले काम गिरडच्या वाढयाने लगेच ओळखले असते. बंडीच्या चाकाचा एक आरा मोडला तर वाढई सगळे चाक टाकत नाही. मोडलेला आरा काढतो, त्याचेच माप नव्या लाकडावर धरतो, टोक तासून बसवून पाहतो, घट्ट होईपर्यंत काढतो-घालतो. मग लोखंडी धाव तापवून चढवायची आणि पाणी ओतायचे, की ती आकसून चाकाला आवळते. नवा भाग कसा असावा हे जुना भागच सांगतो.

जुन्या शिडाच्या होडीचे नेमके असेच असते. तिचे भाग बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली असते, साचे भंगारात गेलेले असतात. दुकानात मिळतो तो स्क्रू मिलिमीटरचा. ब्रिटिश काळातल्या होडीत बसवलेला असतो इंची, व्हिटवर्थ पद्धतीच्या आट्यांचा. एकाच्या आट्यांचा कोन 60 अंशांचा, दुसऱ्याच्या 55. पहिला वेढा बसल्यासारखा वाटतो आणि पुढे अडतो. जोर लावला तर दोन्ही नासतात. म्हणून जुना तुकडा बरोबर घेऊनच लेथवाल्याकडे जावे लागते.

सुकाणूची बिजागरी गेली तर आधी लाकडाचा साचा करायचा. तो जुन्या भागापेक्षा किंचित मोठा लागतो, कारण ओतलेले ब्राँझ थंड होताना शेकडा दीडच्या आसपास आकसते. जुना भाग झिजलेला असेल तर झीज हिशेबात धरायची, नाहीतर नव्या भागातही ती झीज उतरते. पितळ स्वस्त आणि दिसायला तसेच, पण खाऱ्या पाण्यात त्यातले जस्त निघून जाते आणि भाग आतून पोकळ, ठिसूळ होतो. वरून पाहणाऱ्याला कळतही नाही. इथे पैसे वाचवणाऱ्याचे सुकाणू वादळात हातात येते.

समुद्रात तर दुकानही नाही, लेथही नाही. प्रदक्षिणेत सुहेलीवरचे बॅटरी चार्ज करणारे इंजिन रुसले. ठिणगीसाठीची फट इंचाच्या हजाराव्या भागांत मोजायची होती आणि मोजपट्टी जवळ नव्हती. नॉक्स-जॉन्स्टनने आपल्या वहीची पाने मोजली. दोनशे पानांचा एक इंच, म्हणजे एक पान पाच हजारांश. तीन पाने एकत्र धरून त्याने फट लावली. होडी आपोआप दिशेवर ठेवणारे सेल्फ-स्टीअरिंग ऑस्ट्रेलियापर्यंत पुरते मोडले. पुढचा, निम्म्याहून अधिक, प्रवास त्याने त्याच्याविना केला.

पुढेही होडी आणि माणूस एकमेकांना सुटले नाहीत. 1989 मध्ये तो तिच्यातून अटलांटिक ओलांडून गेला, तोही कोलंबसाच्या काळातले अ‍ॅस्ट्रोलेब हे उपकरण वापरून. परतीच्या वाटेवर डोलकाठी मोडली, नवी बसवली. 1991 मध्ये गिर्यारोहक ख्रिस बॉनिंग्टनला घेऊन तो ग्रीनलंडला गेला. मग सुहेली ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवली गेली. मानाची जागा, पण तिथल्या कोरड्या, बंदिस्त हवेत फळ्या आकसू लागल्या. पाण्यात राहणारे लाकूड फुगलेले असते, म्हणून सांधे बंद राहतात. ते सुकले की फटी उघडतात. मालकाने 2002 मध्ये तिला बाहेर काढले, हे फार बरे केले.

त्यानंतर सुरू झाले ते मोठे काम. सुहेलीच्या फळ्या लोखंडी खिळ्या-बोल्टांनी जोडलेल्या होत्या. सागवानात तेल असते, त्यामुळे लोखंड त्यात ओकपेक्षा सावकाश गंजते. तरी चाळीस-पन्नास वर्षे म्हणजे काही कमी नव्हेत. गंजलेले लोखंड फुगते आणि भोवतीचे लाकूड फोडते. जुना खिळा फळीला इजा न करता उपसायचा, भोक साफ करायचे, नवा बसवायचा आणि पुढच्याकडे वळायचे. असे सगळ्या अंगभर. ऐन तारुण्यात होडी बांधून घेणारा माणूस सत्तरी ओलांडल्यावर तिचे खिळे बदलत होता. 2016 मध्ये ती पुन्हा पाण्यात उतरली. खिळे नवे, डोलकाठी नवी, फळ्या मुंबईच्याच.

तिच्याच आराखड्यावर गोव्यात दिवाडीच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये रत्नाकर दांडेकरांनी ‘थुरिया’ बांधली. ती घेऊन भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. 21 सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिणेत वादळाने डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. 2022 मध्ये ते पुन्हा उतरले, दुसऱ्या होडीतून. वाटेत सेल्फ-स्टीअरिंगचे पाते मोडले, तेव्हा त्यांनी शौचालयाचे दार कापून नवे पाते तयार केले. शर्यतीत ते दुसरे आले.

दिवाडीला, उरणला, मालवण-वेंगुर्ल्याला अजून लाकडात काम करणारे हात आहेत, पण फायबरच्या होड्या आल्यापासून ते कमी होत चालले आहेत. त्यांच्या डोक्यातली मापे कागदावर क्वचितच उतरतात. ज्यांच्याकडे जुनी शिडाची होडी आहे त्यांनी एवढे करावे: सुकाणू, बिजागऱ्या, डोलकाठीचा पाया, प्रत्येक भागाचे माप घेऊन चित्र काढून ठेवावे, तो बनवणाऱ्या सुताराचे नाव त्यावर लिहावे, आणि मोडलेला तुकडा नवा नीट बसेपर्यंत भंगारात देऊ नये.