शिट्टी आणि शक्ती

माणसाला सोंगाची हौस फार. माझ्या शाळेत काही मुले खिशाला तीन-तीन लेखण्या लावून मिरवीत. त्यांतील दोहोंत शाईच नसे. मोठेपणी ही हौस सुटते असे नाही. ती फक्त महाग होते.

आमच्या शेजारच्या एका तरुणाने जुनी, छोटी मोटार घेतली. तिच्या पाठीवर त्याने चकचकीत अक्षरांत ‘टर्बो’ असे नाव लावले, पुढच्या झाकणावर हवा आत घेण्याचे एक खोटे नाक बसवले आणि धूर सोडणाऱ्या नळीत एक शिट्टी खुपसली. गाडी गल्लीत शिरली की, आपला कुकर चुलीवर राहिला, असे वाटून गृहिणी स्वयंपाकघराकडे धावत. मी त्याला विचारले, “अरे, हिला टर्बो आहे का?” तो निरागसपणे म्हणाला, “नाही सर, टर्बोचा आवाज आहे!”

खरा टर्बो ही मोठी नवलाची वस्तू आहे. इंजिनात इंधन जळते, तेव्हा त्याची सुमारे एक तृतीयांश उष्णता धुराबरोबर वाया जाते. या टाकाऊ धुराकडूनच काम करून घेण्याची युक्ती आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याला सुचली आणि १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले. बाहेर पडणारा धूर एक लहानसे चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा अधिक मिळाली की इंधनही अधिक जाळता येते आणि गाडीचे बळ वाढते. ही चक्रे मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतात. त्यांतून जो बारीक सूर उमटतो, तो त्यांच्या श्रमाचा असतो. नळीतली शिट्टी मात्र कसलेच श्रम करीत नाही. उलट धुराची वाट अडवते.

एकदा त्या मोटारीतून आम्ही पाच जण पुण्याहून साताऱ्यास निघालो. सपाट रस्त्यावर शिट्टी झकास वाजत होती. खंबाटकीचा घाट लागला, आणि सूर चढू लागला तसतसा वेग उतरू लागला. इतक्यात मागून प्रवाशांनी भरलेली एस.टी. आली आणि कसलाही डौल न मिरवता पुढे निघून गेली. आमचा सारथी हळूच म्हणाला, “सर, हिला मात्र खरा टर्बो आहे.” मी म्हटले, “असू दे. आपली शिट्टी साताऱ्यास पोहोचली असेल. आपण केव्हा पोहोचणार?” यावर सर्वांत मोठ्याने तोच हसला. आपल्या सोंगावर स्वतःच हसू शकणारा तो मुलगा मला त्या दिवशी फार आवडला.

मुलांनो, धूर दोन्ही गाड्यांतून निघतो. एक त्याला कामाला लावते, दुसरी त्याच्याकडून शिट्टी वाजवून घेते. आपल्याही दिवसात असा वाया जाणारा धूर पुष्कळ असतो. पैशाचे सोंग आणता येत नाही, असे म्हणतात. बळाचे सोंग आणता येते; पण ते घाट लागेपर्यंतच टिकते.