उरलेली उष्णता गेली कुठे?

मी बी.ए. मराठीची. कनिष्ठ महाविद्यालयात अर्धवेळ शिकवते. त्यामुळे गेल्या महिन्यात रसायनशास्त्राच्या बाई रजेवर गेल्या आणि बारावीच्या मुलींवर प्रयोगशाळेत 'नुसतं लक्ष ठेवायला' मला बसवलं, तेव्हा पोटात गोळाच आला.

प्रयोग तसा सोपा. चार दिवे, त्यांत चार प्रकारची अल्कोहोलं : मिथेनॉल, इथेनॉल, प्रोपेनॉल, ब्युटेनॉल. चंचुपात्रात 200 ग्रॅम पाणी घ्यायचं, खाली दिवा लावायचा, पाणी 20 अंशांनी तापलं की टोपी घालून तो विझवायचा आणि त्याचं वजन किती घटलं ते पाहायचं. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी, म्हणजे पाण्याला मिळाल्या 4000. त्याला जळलेल्या ग्रॅमांनी भागायचं, झालं! (मिथेनॉल विषारी, शिवाय त्याची ज्योत उजेडात नीट दिसतही नाही. म्हणून दिवे सहायकांनीच भरून ठेवले होते.)

इथेनॉल जळलं 1.2 ग्रॅम. म्हणजे ग्रॅमला 3.3 किलोकॅलरी. पुस्तकात 7.1! निम्मीसुद्धा नाही. एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, पुस्तकातला आकडा येईल असं करून टाकू? सगळ्याच करतात."

खरं सांगते, 'कर' म्हणणारच होते. मला तरी त्यातलं काय कळत होतं? पण सहज वर पाहिलं, तर पंखा गरगर फिरतोय. अगं, पंख्याखाली कुणी स्टोव्ह पेटवतं का? आणि पाण्यावर झाकण कुठाय?

पंखा बंद केला. तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवून आडोसा केला, थर्मामीटरपुरतं भोक पाडून पुठ्ठ्याचं झाकण ठेवलं. या खेपेला 0.9 ग्रॅममध्येच काम झालं. आकडा 4.4 वर चढला. मिथेनॉलचा त्याहून कमी आला, आणि तो यायचाच. त्याच्या वजनात निम्मा ऑक्सिजन, तो स्वतः काही जळत नाही. ब्युटेनॉलने मात्र पात्राचं बूड काळं केलं. काजळी म्हणजे जळायचा राहिलेला कोळसाच. आईच्या रॉकेलच्या स्टोव्हमुळे एवढं मला ठाऊक होतं.

"बाई, अजून कमीच येतंय."

"मग कमीच लिही. बाकीची कुठे गेली, ते खाली लिही."

तिने लिहिलं : काच तापली, गरम हवा बाजूने निघून गेली.

त्या रात्री घरखर्चाची वही घेऊन बसले. हिशेब जुळला नाही की मी 'किरकोळ' म्हणून रक्कम टाकते आणि वही ह्यांच्यापुढे ठेवते. लग्नाला बारा वर्षं झाली, तेव्हापासूनचं हे. या महिन्यात 600 रुपये लागत नव्हते. पेन 'किर'पर्यंत गेलं आणि थांबलं. खोडलं. नुसतेच 600 लिहून पुढची जागा कोरी सोडली.

ह्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे कुठे गेले?"

"आईच्या औषधाला," मी म्हटलं. "दर महिन्याला जातात."