वाद घालता येणारा भूतकाळ

वॉल्टर स्पिंक या अमेरिकी अभ्यासकाची उभी हयात अजिंठ्यात गेली. नंतरच्या टप्प्यातली लेणी शतक-दोन शतकं खोदली जात होती, असं बहुतेक जण मानत असताना ते म्हणाले, हा सगळा पसारा वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात, इ. स. ४६० ते ४८० च्या आसपास, जेमतेम वीस वर्षांत उभा राहिला. कॉलेजात असल्यापासून या दाव्याने मला झपाटलं होतं. तो जागेवर तपासायचा म्हणून निघालो.

फर्दापूरच्या लॉजवर रात्रभर लाइट नव्हती. सकाळी गाइड मिळाला तोही घाईतला. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी गर्दीच्या खांद्यांवरून पाहिला, दहाव्यातली इंग्रज अधिकारी जॉन स्मिथची १८१९ ची सही पाहिली आणि गाइडला मोकळं केलं. संभाजीनगरहून एक निवृत्त इतिहास-शिक्षक सोबत होते. आम्ही दोघं विहारांतल्या अंधाऱ्या खोल्यांकडे वळलो.

लाकडी दारं केव्हाच गेली. ती बसवण्यासाठी कातळात कोरलेल्या खोबणी मात्र शाबूत आहेत. दार बसवण्याची ही पद्धत हळूहळू सुधारत गेली. कोणती खोली आधीची, कोणती नंतरची, हे स्पिंक त्या क्रमावरून लावत. उंबऱ्याशी वाकून पाहिलं, तर एकाच लेण्यात दोन तऱ्हा दिसल्या. वीस वर्षांचा हिशोब मला अजूनही फार घट्ट वाटतो, पण पुरावा असा हाताशी ठेवणाऱ्या माणसाशी भांडायला मजा येते.

सोळाव्या लेण्यात हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. ऊन-पावसाने पार झिजलेला. भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात तो वाचला, पुढे वा. वि. मिराशींनी नव्याने संपादला. विंध्यशक्तीपासून हरिषेणापर्यंतची वंशावळ त्यात आहे. कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र ही नावंही आहेत; पण हरिषेणाने या देशांचं नेमकं काय केलं, हे सांगणारा श्लोकाचा भागच तुटलाय. जिंकले, की नुसता दरारा बसवला? अभ्यासक अजून भांडताहेत. शिवाय हा मंत्र्याने लिहवलेला दरबारी इतिहास. वाकाटकांच्या ऱ्हासाचा माग मिराशींना काढावा लागला तो दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तून.

तिथे गुरुजी म्हणाले, “इथं हरिषेणाला लहान म्हणा, मोठा म्हणा. कुणी तोंडाला काळं फासणार नाही.”

त्यानंतर चित्रांत माझं लक्ष लागलं नाही. डिसेंबर २००३ मध्ये पुण्यात श्रीकांत बहुलकरांच्या तोंडाला काळं फासलं गेलं होतं. संस्कृत आणि बौद्ध वाङ्मयाचे हे पंडित. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकात त्यांचे आभार मानले होते, एवढंच निमित्त. पुस्तकात आक्षेपार्ह मजकूर होता, काही मराठी इतिहासकारांनीच ते मागे घ्यायला सांगितलं होतं आणि प्रकाशकांनी नोव्हेंबरातच ते घेतलंही होतं. तरी ५ जानेवारी २००४ ला लेन यांना मदत केल्याच्या रागातून संभाजी ब्रिगेडचा जमाव पुण्याच्याच भांडारकर संस्थेत घुसला. कपाटं फुटली, पोथ्या-पुस्तकं जमिनीवर आली. त्याच दिवसांत, पुस्तकाला विरोध करणाऱ्या गजानन मेहेंदळ्यांनी शिवचरित्राच्या आपल्याच हस्तलिखिताची पानं निषेध म्हणून नष्ट केली. वर्षानुवर्षं कागद जुळवून लिहिलेली पानं! हे आठवलं की मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

आणि सरकारने काय केलं? लेन यांच्यावर गुन्हा नोंदवला, पुस्तकावर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ती उठवली, तर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१० मध्ये तिथेही हरलं.

सव्विसाव्या लेण्यातल्या महापरिनिर्वाणाच्या मूर्तीपाशी आमचं चांगलंच जुंपलं. गुरुजींचं म्हणणं, बंदी घातली नसती तर गावोगाव दंगली पेटल्या असत्या, सरकारपुढे दुसरा इलाज नव्हता. मी म्हटलं, इलाज होता. लेन चुकले असतील तर ते कागदपत्रांनी दाखवून देणारे लोक पुण्यातच होते. सरकारने त्यांच्या दारावर पोलीस उभे करायचे होते आणि पुस्तकाचा निकाल त्यांच्यावर सोडायचा होता. गुरुजींना ते पटलं नाही. बसच्या रांगेत त्यांनी मला विचारलं, “आणि जमावाने पोलिसांनाही जुमानलं नसतं तर?” मी म्हटलं, तर गुन्हे जमावावर दाखल करायचे, लेखकावर नाही.