भारताचं अंजीर

फारोहून तविराला जाणारी गाडी मिठागरांच्या कडेकडेनं धावते. पोर्तुगालचा हा दक्षिण किनारा, अल्गार्व्ह. ऑगस्ट सरत आला होता आणि बांधाबांधांवर फड्या निवडुंग उभा होता, लाल-पिवळ्या बोंडांनी लगडलेला. आपल्या माळावर दिसला असता तर मी ढुंकूनही पाहिलं नसतं.

तविराच्या बाजारात तीच बोंडं टोपलीत. वर पाटी : 'फीगु दा इंदिया', म्हणजे भारताचं अंजीर! कौतुकानं एक उचललं आणि फसले. मोठा काटा नव्हता, पण केसाहून बारीक कुसं पाचही बोटांत शिरली. विकणाऱ्या आजीबाई हसल्या. त्यांनी फळ काट्या-चमच्यातल्या काट्यानं दाबून धरलं, दोन्ही टोकं छाटली, उभी चीर दिली आणि साल अंगरख्यासारखी उतरवली. आत नारिंगी गर, फिक्या कलिंगडासारखा, अन् टणक बियाच बिया. मी भारतातली म्हटल्यावर म्हणाल्या, "मग हे तुमचंच की!"

आमचं कसलं! झाड मेक्सिकोकडचं, अंजिराशी नातं शून्य. १४९२ साली कोलंबस कॅरिबियन बेटांना लागला, त्यांनाच हिंदुस्थानचा मुलूख समजला, आणि ती चूक या फळालाही चिकटली. सहा वर्षांनी खऱ्या हिंदुस्थानला गलबतं लावली ती पोर्तुगिजांनीच. तेव्हा तरी नाव बदलायचं! मदैरा बेटावर याला 'तबाइबु' म्हणतात, तिथं भारत नाही. आणखी एक नाव 'फीगु द पितैरा', घायपाताचं अंजीर. म्हणजे अंजीर काही सुटत नाही.

पण हसायला मी कोण? बटाटा, अननस, काजू ही नावं आपण पोर्तुगिजांकडून मालासकट उचलली. या अमेरिकन पाहुण्याला मात्र घरचंच नाव दिलं. निवडुंग म्हणजे खरं तर आपला तिधारी, फांदी मोडली की पांढरा चीक गळणारा. फड्याचा फडा मोडा, नुसतं बुळबुळीत पाणी. कूळ वेगळं, देश वेगळा. काटे दिसले, बसवला एका नावात.

परतीच्या गाडीत बोटांना चिकटपट्टी लावून कुसं उपटत होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडे याला काय म्हणतात?

"निवडुंग," म्हटलं. कोणता, ते सांगत बसले नाही.